पहिलीची ओटी

अमरावती,
सोमवार, ता. ३ डिसेंबर १९३४

चारुशीला,

आशीर्वाद लिहावा की नाही ते समजेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. गेल्या बुधवारी तुझ्या डोहाळजेवणाला बार्शीटाकळीहून फुलांची वाडी घेऊन आलेली बाई मी. शेवंतीचा मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सारं तुझ्या अंगावर मीच चढवलं. पाकिटावर 'फुलवाल्या बाईकडून' असं लिहिते, म्हणजे तुझी आई उघडून पाहणार नाही. जड अंगाची आहेस, भिंतीला टेकून बस आणि मग पुढचं वाच.

माझं नाव शकुन. माझ्या नवऱ्याचं नाव चंद्रभान. अमरावतीला आमची संत्र्याची बाग आहे आणि दर शनिवारच्या गाडीनं तो बाजाराचं काम म्हणून अकोल्याला जातो. मी मेलेली नाही.

पुन्हा लिहिते. मी मेलेली नाही. सकाळी चूल पेटवली, त्याला भाकरी वाढली, तो बागेत गेला आणि मी हे लिहून राहिले. बुधवारपर्यंत मी त्याला 'ते' म्हणत होते. बुधवारी तो 'तो' झाला. तुला खटकलं तर खटकू दे.

तुला वाटेल, ही कोण वेडी बाई. म्हणून सारं सांगते. दिवाळीला मी माहेरी बार्शीटाकळीला आले. माझा भाऊ शालिकराम फुलांची शेती करतो आणि वहिनी पार्बताबाई लग्नाच्या, डोहाळजेवणाच्या वाड्या बांधते. भाऊबीज झाली, निघणार तेवढ्यात वहिनीचा हात कढत पाण्यानं भाजला. ती म्हणाली, "माय, मास्तरच्या पोरीची वाडी कबूल करून बसली मी. तूच जाजो अकोल्याले." म्हणून मी आले. नाहीतर मी काहून येते?

तू मास्तरांची लेक, हरेक गोष्टीचा अर्थ विचारत होतीस. हिरवंच लुगडं कशाला? म्हटलं, रुजलेल्या बीला हिरवाच कोंब येतो म्हणून. फुलं सुईनं का ओवली नाहीत? म्हटलं, गर्भारणीच्या अंगावरच्या फुलाला भोक पाडत नाहीत, दोऱ्यानं बांधतात. शेवटची गाठ ढिली का? म्हटलं, एका ओढीत सुटावी, तशी तूही सुटावीस. ओटीत नारळच का? म्हटलं, नारळ म्हणजे लेकरू, आणि त्याची शेंडी ओटीच्या धनिणीकडं असली पाहिजे, म्हणजे ते तिच्याकडं तोंड करून येतं. तू हसलीस. म्हणालीस, "ताई, तुम्हाला किती माहीत आहे!" मला माहीत नसेल तर कोणाला? अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या ओट्या लांबून पाहिल्या आहेत.

मग तुझ्या गळ्यात हार घालताना माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. मंगळसूत्राखाली काळ्या दोऱ्यात नखाएवढी चांदीची पुतळी. मी विचारलं, ही कोण? तू अगदी सहज म्हणालीस, "ही पहिली. मी बिजवराला दिलेली ना. सात महिन्यांची होती तेव्हा गेली बिचारी, पोटातल्या बाळासकट. शकुन नाव होतं."

मला हसू आलं गं. मनात म्हटलं, पाह्य, माझ्याच नावाची. तोंडावर आलं होतं सांगायचं. पण शुभकार्यात मेलेल्या बाईचं नाव आपलंच आहे म्हणून कोण सांगत बसेल? हार नीट बसवला.

तेवढ्यात तुझ्या आईची धांदल उडाली. पाच सवाष्णी ठरल्या होत्या, त्यातल्या एकीला ऐन वेळी कावळा शिवला. तू माझ्याकडं बोट दाखवलंस. "आई, या ताई आहेत ना." आईनं मला वरून खाली पाहिलं. "लेकरंबाळं हायेत ना वो तुमाले?" मी म्हटलं, हो, दोन. एक पोट्टा, एक पोट्टी. इतक्या झटकन म्हटलं की मीच दचकले. चारुशीला, मला एकही नाही. जन्मात मला कोणी ओटी भरायला बोलावलं नव्हतं. तू बोलावलंस आणि मी खोटं बोलले. एवढा एक गुन्हा माझा.

मग तुझी आई म्हणाली, "आदी पहिलीची ओटी." तुझ्या गळ्यातली पुतळी काढून पाटावर ठेवली. तिला हळद-कुंकू वाहिलं, खण ठेवला, गव्हाची ओंजळ घातली. आई हात जोडून म्हणाली, "शकुनबाई, तुही हौस राहून गेली, थे तू घे. माह्या पोरीच्या पोटाकडे पाहू नको." साऱ्या बाया वाकल्या. मीही वाकले.

मग बायांनी तुला नाव घ्यायला लावलं. तू लाजलीस, आढेवेढे घेतलेस आणि घेतलंस. मला ते पाठच झालं आहे.

'शनिवारच्या गाडीने येतात, अमरावती त्यांचं गाव,
डोहाळे पुरवतात माझे, चंद्रभानराव त्यांचं नाव.'

बाया हसल्या, टाळ्या वाजल्या. माझ्या कानात नुसतं घूं झालं. शेजारची म्हणाली, "काय वो फुलवाल्या, थंडीत घाम काहून फुटून राहिला तुमाले?" शनिवार, अमरावती, चंद्रभान, शकुन. चार शब्द पटापट एकमेकांना चिकटले आणि मला कळलं की त्या पाटावर मी बसले आहे. तुझी आई ज्या बाईपुढं हात जोडून उभी होती ती मेलेली बाई मी. आणि पाचवी सवाष्णही मीच.

मग मी तुझी ओटी भरली. नीट भरली. आणि जेवायला न थांबता निघाले.

आता तू एवढंच कर. ती पुतळी गळ्यातून काढ. जित्या बाईची पुतळी कोणी घालत नाही.

शकुन


अमरावती,
रविवार, ता. १६ डिसेंबर १९३४

चारुशीला,

तुझं पत्र मिळालं. तू मला खोटारडी म्हणालीस त्याचा मला राग नाही. मीही तेच म्हटलं असतं. तू लिहितेस, 'तुम्ही खरंच त्यांच्या पत्नी असाल तर खूण सांगा.'

घे खूण. त्याच्या पाठीवर डाव्या बाजूला वीतभर वण आहे. तुला सांगितलं असेल की चिखलदऱ्याला वाघाशी झटापट झाली. मला लग्नाच्या पहिल्या वर्षी अस्वल सांगितलं होतं. वाघ नाही न् अस्वल नाही, माणूस संत्र्याच्या झाडावरून काटेरी तारेच्या कुंपणावर पडला. हळद मी भरली, चार दिवस पालथा झोपला होता. झोपताना उजव्या कुशीवर वळतो आणि भाजीत कोथिंबीर दिसली की ताट सरकवतो. अजून पाहिजे काय?

त्याला मी विचारलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी विचारलं. जेवत होता. मी समोर बसले आणि म्हटलं, "मी कधी मेली?"

घास हातातच राहिला. मला वाटलं पाया पडेल, नाहीतर ताट फेकेल. काहीच केलं नाही. घास खाल्ला, पाणी प्याला, मग म्हणतो, "कोनं सांगतलं?"

"तुमच्या दुसरीनं उखाण्यात सांगतलं."

"मंग आता तुले मालूम झालंच. काय करू मी? माहा बाप म्हनत होता वंश पाह्यजे. मास्तर जित्या बायकोवर पोरगी देत नोता. त्याले म्हनलं मेली."

मी म्हटलं, सवत आणली असती तर मी काय मारलं असतं तुम्हाला? लोक आणतातच. रडले असते आणि चूल वेगळी केली असती. तर म्हणतो, "मी मेली म्हनलं म्हनून तू मेली काय? खाऊन पिऊन तर राहिली."

बाप्पा बाप्पा! चारुशीला, या माणसाला मी अकरा वर्षं भाकरी वाढली. शेवटी एकच विचारलं. "पोटुशी काहून म्हनलं? मेली म्हनलं तेवढं पुरलं नाही?"

तो हात धूत म्हणाला, "पोटुशी गेली म्हनलं का लोक हळहळतात. पुढचं इचारत नाहीत."

एवढंच. लोकांनी पुढचं विचारू नये म्हणून. मी ज्याच्यासाठी अकरा वर्षं नवस केले, उपास केले, वैद्याचे काढे प्याले, ते त्यानं मला मेल्यावर दिलं. तेही सात महिन्यांचं. तुझ्या घरी साऱ्या गल्लीला माहीत आहे की शकुन पोटुशी होती. फक्त शकुनला माहीत नाही. मी त्या दिवशी परसात जाऊन स्वतःच्या पोटावर हात ठेवला. वेडीच झाले होते. हे कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

आणि तू लिहितेस की ते तुला अमरावतीला नेत नाहीत, कारण 'त्या घरात पहिलीचा वावर आहे, बाळंतपण झाल्यावर शांत करून मग नेऊ.' खरंच आहे की! वावर आहेच. सकाळी उठून सडा मी टाकते, विहिरीवर बादली मी वाजवते. घाबरू नको, दिवसाच वावरते.

पुतळीचं तू विचारलंस. 'काढावी तर आई म्हणते कोप होईल, ठेवावी तर तुम्ही जिवंत.' कोप मी करायचा ना? मग मीच सांगते, करत नाही. काढ.

शकुन


बार्शीटाकळी,
मंगळवार, ता. ८ जानेवारी १९३५

चारुशीला,

मी अमरावती सोडली. शालिकराम बैलांची दमणी घेऊन बडनेऱ्याच्या गाडीला आला, असं तू समज, किंवा मी पायी निघाले असं समज. निघाले एवढं खरं. चंद्रभान दारात उभा होता. म्हणाला, लोक काय म्हनतील? मी म्हटलं, अकोल्याच्या लोकांना विचारा, त्यांनी माझं मेल्यावरचं सारं करून ठेवलं आहे.

तुझ्या पत्रानं मात्र माझं डोकं फिरलं. तू लिहितेस, तुला अन्न जात नाही. डोळा लागला की पाटावरची बाई उठून तुझ्या ओटीत हात घालते. आईनं माझी दोन्ही पत्रं वाचली, आणि तिला मी जिवंत असल्याचं काही नाही, मला लेकरू नाही याचंच झालं. 'वांझेनं ओटी भरली' म्हणून ती कपाळ बडवून घेते. मास्तरांना अजून काही सांगितलं नाही. पुतळी तर काढली नाहीच, उलट दोरा दुहेरी केला.

मायबाई, मी मेलेली असले तर तुमच्या पोरीला खाते, आणि जिवंत असले तरी खाते! मग मी करू तरी काय? मेलेलीला ओटी चालते, जितीला चालत नाही. तुझ्या आईला सांग, त्या पाटावरच्या बाईचं लेकरू तरी होतं ना पोटात, तुमच्याच जावयानं घातलेलं. तिला म्हणा वांझ!

रागात लिहिते. खोडत नाही.

पार्बतावहिनी वाचता येत नसूनही माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "पोरीवर कायले ओरडून राहिली कागदात? तिचा काय कसूर?" बरोबर आहे तिचं. तुझा काही कसूर नाही. तू जेव. ताक-भात खा, मुगाचं वरण खा. दूध नको वाटत असेल तर गुळाचा खडा टाकून घे.

आणि तू शेवटी विचारलंस, 'ओटी सोडून पदर मोकळा केला तेव्हा नारळाची शेंडी उलट्या बाजूला होती. तुम्ही कशी ठेवली होती? खरं सांगा.' नारळाचं काय घेऊन बसलीस? नारळ गोल असतो, तू उठलीस-बसलीस, फिरला असेल. त्याचं मनात आणू नको.

शकुन


अकोला, तुमच्या ओट्यावर,
शनिवार, ता. २ फेब्रुवारी १९३५

चारुशीला,

पेन्सिलीनं लिहिते, शालिकरामच्या फुलांच्या चिठ्ठीच्या पाठीवर. तुझी सुईण पाण्याला बाहेर आली की तिच्या हाती देईन. कळ थांबली की वाच.

शालिकराम सकाळी फुलं घेऊन अकोल्याला आला होता. त्याला सुईणीनं सांगितलं, मास्तरची पोरगी कालपासून अडली आहे आणि 'शकुननं धरलं, शकुन सोडत नाही' असं एकच म्हणते. त्यानं परतून मला हे सांगितलं आणि मी तशीच दमणीत बसून आले. तुझ्या आईनं खिडकीतून मला पाहिलं आणि कडी लावली. मास्तर औषध आणायला गेले म्हणे. मी ओट्यावर बसले आहे.

मी खोटं लिहिलं होतं. नारळ फिरला नाही. मी ठेवला तसाच होता.

उखाणा ऐकल्यावर ताट माझ्या हाती दिलं ना, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडं पाहिलं. तू हसत होतीस. मला इतका राग आला, चारुशीला, तुझ्या हसण्याचा, तुझ्या पोटाचा, तुझ्या कमरेवर मीच बांधलेल्या फुलांचा. मी नारळ ओटीत घातला आणि शेंडी माझ्याकडं फिरवली. वरून पदराचा काठ ओढला म्हणजे कोणाला दिसू नये. मनात म्हटलं, हे लेकरू माझं होतं, मी परत नेते. माणूस असं म्हणू शकतो हे मला माहीत नव्हतं. तुझी आई ज्या शकुनला भीत होती ती खोटी नव्हती गं. त्या पाटावर नव्हती, ताट धरून समोर उभी होती.

तेव्हापासून रोज मी स्वतःला सांगत होते, नारळानं काय होतं? आज ऐकलं आणि तसं सांगवेना.

मी नारळ आणला आहे. गहू आणले आहेत. तुझी ओटी मला सरळ करू दे. काही होवो न होवो, तू अडून पडलीस ती माझ्या हातानं, हे घेऊन मला जगायचं नाही. आई नाही म्हणेल. तू सांग तिला. तुझं ऐकेल.

मी शकुन. जिवंत. कडी काढायला लाव.


बार्शीटाकळी,
बुधवार, ता. ६ फेब्रुवारी १९३५

चि. चारुशीलेस अनेक आशीर्वाद.

आज लिहिला. आता लिहिता येतो.

बाळ दूध ओढतं का? पोट शेकायला ओवा बांधून घे. डोहाळजेवणाला वाटीखाली पेढा निघाला होता म्हणून साऱ्यांनी पोट्टा ठरवला होता, आणि आली ही पोट्टी, केवढ्या आवाजाची! तिचा पहिला टाहो ऐकून सुईणीच्या हातची बादली कलंडली.

तुला काय आठवतं, काय नाही, मला माहीत नाही. कडी तुझ्या आईनं काढली नाही. तू खाटेवरून उतरलीस, भिंत धरत आलीस आणि तूच काढलीस. दारात उभी राहून मला म्हणालीस, "ताई, सरळ करा." तुझ्या आईनं डोळ्यांना पदर लावला. मी उंबऱ्यातच तुझी ओटी भरली, शेंडी तुझ्याकडं केली. तू माझा हात धरून पाहिलास, चिमटा काढलास. मी ओरडले, तर तू हसलीस. त्या तशा कळांत हसलीस. त्यानंतर दीड घटकेत सुटलीस. नारळानं की चिमट्यानं, ते तू ठरव. तू मास्तरांची लेक आहेस.

पण मी हे लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. तू आत होतीस. अंगणात नंतर जे झालं ते तुझी आई तुला सांगणार नाही, आणि तुझे वडील तू ओली बाळंतीण आहेस म्हणून थांबतील. मला तुझ्याबाबतीत आता काहीच झाकून ठेवायचं नाही. एकदा पदराखाली झाकलं, पुरे झालं. ऐकून घे, मग काय करायचं ते तू कर. बार्शीटाकळीला दोन खोल्या रिकाम्या आहेत, एवढं ध्यानात ठेव.

मी अंगणात दगडावर तुझी धुणी धूत होते. मास्तर औषधाची बाटली घेऊन परतले होते, तुझ्या आईनं त्यांना कोपऱ्यात नेऊन सारं सांगितलं होतं, माझी पत्रंही दिली होती. ते वाचत उभे होते. शनिवार होता. गाडी वेळेवर आली असणार. चंद्रभान फाटक ढकलून आत आला, हातात विड्याच्या पानांचा पुडा.

मला पाहिलं. पुडा हातातून सुटला नाही, पण तोंडाचा रंग उडाला. मास्तर म्हणाले, "चंद्रभानराव, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आता मला एक सांगा. या बाई म्हणतात त्या तुमच्या पहिल्या पत्नी. तुम्ही त्यांना ओळखता का?"

चारुशीला, अकरा वर्षं. मी त्याच्याकडं पाहत होते. माझ्या हातात तुझं लुगडं पिळलेलं तसंच होतं.

तो म्हणाला, "नाई बा. मी या बाईले ओळखत नाई."

असा सरळ पाहून म्हणाला. मेली म्हटलं होतं ते माझ्या पाठीमागं म्हटलं होतं. हे तोंडावर. मला वाटलं होतं की आता मला कशाचा धक्का बसणार नाही. बसला.

तुझी आई पुढं झाली. मास्तरांना सारं तिनंच आत्ता सांगितलं होतं, माझी पत्रं तिच्याच डब्यातून निघाली होती. तरी म्हणाली, "फुलवाली हाये थे. वाडी घेऊन आली होती ना डोहाळजेवनाले, तीच." पोरीचा संसार वाचवायला निघाली होती. मला तिचा राग आला नाही. आतून बाळाचा आवाज येत होता आणि तुला तेव्हा कुठं डोळा लागला होता. कालवा झाला असता तर तू उठली असतीस. मी मास्तरांना म्हटलं, "हो. फुलवालीच मी." आणि लुगडं दोरीवर टाकायला वळले.

मास्तर एकदा पत्रांकडं, एकदा माझ्याकडं पाहू लागले. त्यांना काय खरं मानावं कळेना, हे दिसत होतं. जिची पत्रं तीच नाही म्हणते. चंद्रभानला जरा हुशारी आली. म्हणाला, "गाडीचा धुराळा हाये, तोंड धुतो, मंग पोरगी पाह्यतो." दगडावर बसला, बादलीतलं पाणी तोंडावर मारलं, साबण लावला. दोन वेळा खळखळून चूळ भरली. आणि डोळे मिटलेले तसेच ठेवून डावा हात बाजूला पुढं केला.

मी दोरीवरचा पंचा काढून त्याच्या हातात दिला.

मी विचार करून दिला नाही गं. शपथेवर सांगते. हात पुढं आला, माझा हात गेला. रोज जात होता तसा. त्यानं तोंड पुसलं, कानामागं पुसलं, पंच्याची घडी घातली आणि न बघता माझ्याकडं परत केला. मी घेतला.

तुझ्या आईचा हात तोंडावर होता. मास्तर दोन पावलं पुढं आले, माझी पत्रं हातात धरून. अगदी हळू विचारलं, शाळेत पोराला विचारावं तसं.

"चंद्रभानराव, ज्या बाईंना तुम्ही ओळखत नाही, त्यांनी तुम्हाला पंचा दिला, तो तुम्ही न पाहता कसा घेतला?"

चंद्रभाननं माझ्या हातातल्या पंच्याकडं पाहिलं. तोंडातून निघून गेलं त्याच्या.

"सवय हाये, मास्तर."

तुझी,
शकुन